थुंकीचा ओघळ

पानाच्या पिचकारीचा रंग नेमका कोणता, यावर मी गेला आठवडाभर डोकं खपवते आहे. शी! आमच्या कामोठ्याच्या सोसायटीतल्या बाकीच्या आज्या सकाळी बागेत टाळ्या वाजवत हसायला जातात, आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून प्लास्टिकच्या ट्रकवर थुंकी रंगवते.

याला कारण आमचे हे. उभी हयात त्यांनी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळया वाहिल्या. गाडी स्वतःची, ड्रायव्हरही स्वतःच. गाडी म्हातारी झाली, पासिंग होईना, म्हणून दिवाळीनंतर भंगारात काढली. तेव्हापासून या माणसाने तोंडाला कुलूप लावलं. चहा घेता? हुं. जेवता? हुं. माझ्याशी भांडल्याशिवाय ज्यांना अन्न गोड लागत नसे, ते खिडकीत बसून नुसता हायवे बघत बसायचे. मला ते भांडण परत हवं होतं. बाकी काही नको.

नात शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा तिचा एक न उघडलेला खोका इथेच राहिला. आत प्लास्टिकच्या ट्रकचे सुटे भाग आणि बारीक टोकाचे रंगाचे मार्कर. ट्रक विलायती, पण आमच्या गाडीसारखाच पुढे नाक काढलेला. भाग कापले, चिकटवले. मार्कर खुळखुळ्यासारखा हलवायचा, टोक कागदावर दाबून रंग उतरवायचा आणि मग कामाला लागायचं. नाक केशरी केलं, कडांना पिवळी नक्षी, मागे हिरवे पोपट, आरशाला चंदेरी काठ. काय देखणा झाला म्हणून सांगू! कौतुकाने ह्यांच्यापुढे नेऊन ठेवला.

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "ही आपली नाही," म्हणाले, आणि परत हायवेकडे तोंड.

अंगाचा तिळपापड झाला. मग नीट बघितलं आणि लाजच वाटली. हा ह्यांचा ट्रक नव्हताच. लग्न होऊन आलेल्या त्या शिष्ट मुलीला, म्हणजे तेव्हाच्या मला, हवा होता, तसा ट्रक होता हा. काय ध्यान होतं ते! गाडीत बसायचं तर आधी सीटवर वर्तमानपत्र, वर घडी केलेली चादर, मग राणीसाहेब टेकणार. नाकाला पदर खंडाळ्यापर्यंत. डॅशबोर्डवर क्रोशाचा रुमाल घातला होता बयेने, पांढरा शुभ्र! त्याला ह्यांनी पहिल्याच खेपेत ऑइलचे हात पुसले, तर दोन दिवस जेवली नाही. माहेरी मात्र सांगायची, आमची ट्रान्सपोर्ट कंपनी आहे.

पण त्या नकचढीचा एक उपयोग झाला. तिला जिथे जिथे किळस आली, ते सगळं माझ्या डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं. जाळीत चिकटून वाळलेले किडे. डिझेलच्या टाकीवरचा काळा चिकट थर, त्यावर धूळ, त्यावर परत थर. घामट टॉवेल, जो कधी गुलाबी होता म्हणे. काळा मार्कर फिरवायचा आणि ओला आहे तोवर कापसाने अर्धा पुसायचा, की ऑइलचा डाग हुबेहूब. तपकिरी रंगात स्पंजचा तुकडा टेकवला की गंज. एकदा नेलपॉलिश काढायच्या पाण्याने पुसायला गेले, तर दाराचं प्लास्टिकच सायीसारखं सुरकुतलं. त्यावर गंजाचे चार ठिपके जास्त दिले. रंगवता रंगवता मध्येच उठून हात धुवायची, वेड्यासारखी, साबणाने.

शेवटी दारावरचा पानाचा ओघळ. नातीला व्हिडिओ कॉलवर दाखवला.

"आजी, असल्या ट्रकवर लोक चिखल करतात, गंज करतात. थुंकी कोण करतं?"

"तुझ्या आजोबांचा ट्रक होता तो, देवाचा रथ नाही."

काल संध्याकाळी ट्रक परत ह्यांच्यापुढे ठेवला. बराच वेळ टाकीकडे बघत राहिले. मग बोट दाराशी आलं.

"हे काय?"

"तुमचं पान."

"असं सरळ खाली?"

"मग कसं?"

"अगं बाई, माणूस चालत्या गाडीतून थुंकतो. वाऱ्याने मागे जातं ते. मी काय गाडी उभी करून, खाली उतरून, वाकून थुंकत होतो?"

"मला काय माहीत! मी डोळे मिटून घ्यायची."

"जन्मभर शी शी केलंस, धड बघितलं मात्र नाहीस."

"बघितलं नाही? दसऱ्याला ते दार कोण खरवडायचं?"

"क्लीनर खरवडायचा! तू लांबून सूचना द्यायचीस!"

खोटं होतं असं नाही. ह्यांनी माझ्या हातातला लाल मार्कर हिसकावला आणि असा दाबला की टोकातून भदकन रंग गळला. तो अंगठ्याने दारावरून पार मागच्या फळीपर्यंत ओढला, माझ्या पोपटांवरून! वर तो अंगठा पांढऱ्या लेंग्याला पुसला. मी किंचाळले. तेही ओरडले. शेजारच्या वहिनींनी दार उघडून बघितलं.

आज सकाळपासून ह्यांचा एकच घोषा. क्लीनरची बाजू कोरी राहिली आहे. तो गुटखा खायचा, त्याचा ओघळ लाल नसतो, पिवळट असतो, तसला मार्कर आण.

"दुकानदाराला काय रंग सांगू? बोला की!" चपला घालता घालता मी विचारलं.

"सांगतेस कशाला? त्याला आपल्या जिन्याचा कोपरा दाखव."