सोन्याचे दात आणि वरचा सूर

शेजारची मस्तुरा-ओपा, म्हणजे मस्तुराताई, हसली की कोकंदच्या आमच्या गल्लीत तिचे सोन्याचे दात लखकन चमकायचे. पुढचे चार. कापूस वेचण्यात पहिली आली, त्या वर्षी हौसेनं बसवलेले. नवरीची पाठवणी करताना बायका दारात गाणी म्हणतात, तेव्हा पहिला सूर ओपाचा आणि डफ माझा. तिचा आवाज घोगरा, वरच्या सुराला हमखास फाटायचा. पण त्या आवाजाशिवाय आमच्या गल्लीतली एकही मुलगी सासरी गेली नाही.

तिच्या नातीचं, ओयदिनचं, ताश्कंदच्या घरात ठरलं आणि सून सासूला बोलून गेली, "आई, पाहुणे शहरातले. असले दात आता कोणी ठेवत नाही." सून वाईट नाही, पण तिच्या जिभेला हाड नाही. त्या दिवसापासून सासूबाई तोंडाला रुमाल लावून हसू लागल्या. मला इतका राग आला की मी सुनेशी आठवडाभर बोलले नाही.

दात काढायला मात्र ओपा तयार नव्हती. तिनं सुधारायला घेतलं ते गाणं. रोज सकाळी भिंतीपलीकडून तो वरचा सूर यायचा, फाटायचा, पुन्हा यायचा.

"ओपा, आमच्या कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडलंय," मी इकडून ओरडले.

"त्यांना म्हणावं, पाठवणीपर्यंत कळ काढा."

पाठवणीच्या दिवशी मी डफावर थाप दिली. ओपानं सूर लावला, तोही तोंडावर रुमाल धरून. आवाज आतल्या आत घुमला. शहरातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ओढणीआड मान खाली घातलेली ओयदिन गाडीपाशी थबकली, ती हलेचना.

"चल गं," तिची आई म्हणाली.

"बुवीआजी कुठाय? तिचं गाणं ऐकू येत नाही. मी नाही जात."

माझा डफ थांबला. ओपानं रुमाल कमरेला खोचला आणि तोंड भरून गायली. चारही दात उन्हात झळकले. नात गाडीत बसेपर्यंत ती गात राहिली. वरचा सूर ऐन वेळी फाटलाच, पण सगळ्यांत जास्त रडली ती ताश्कंदची विहीण.

गाडी वळणाआड गेल्यावर ओपानं डोळे पुसत विचारलं, "फाटला ना?"

"फाटला."

"धाकटीच्या पाठवणीला नाही फाटणार, बघ."

धाकटी नात तेव्हा रांगतसुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे ओपा सुरू झाली होती.