तानीनं पोट राखलं

तारापूरजवळच्या कोळीवाड्यात तानीची पाळी कुणापासून लपत नसे. दर महिन्याला ती अशी किंचाळे, की वाळत घातलेल्या बोंबलांवर टपलेले कावळेसुद्धा उडून जात. बायका बोटांवर तारखा मोजत. दुसरीच्या पोटात डोकावायची हौस आळीला भारी. आवाज बंद व्हावा म्हणून नवरा दिपेश थोबाडीत देई. सासू येसूबाई केस धरून ओढी, "आठ वर्सं झाली, पोर नाय, निस्ती बोंब!"

शेवटी तानी एकटीच बोईसरला गेली. तपासण्या झाल्या. डॉक्टर उन्नतीताईंनी एंडोमेट्रिओसिस सांगितला.

"गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढलाय, म्हणून इतकं दुखतं. जनुकं जन्मापासूनची तीच, पण कुठलं जागं ठेवायचं, कुठलं झोपवायचं, हा हुकूम बिघडलाय. काही रसायनं हार्मोनचं सोंग घेऊन तो बिघडवत असावीत, असा संशय आहे. पाणी कशात भरता?"

"निळ्या पिंपात. केमिकल कंपनीतलं, भंगारवाल्याकडनं घेतलेलं. सासू म्हनते, असं पिंप राजाघरी नाय."

"त्यानंच झालं असं नाही सांगता येणार. पण ते पाणी पिऊ नका. मंगळवारी ऑपरेशन. पोटावर जखम नको, भाजणं नको. नाहीतर पुढे ढकलावं लागेल."

घरी येताच तानीनं कुऱ्हाड घेतली नि पिंपाची खांडोळी केली. येसूबाईनं आधी ऊर बडवला, मग सुनेला. दिपेशनं लाथांनी तुडवलं; तानीनं पोट तेवढं गुडघ्यांत लपवलं.

"हिच्या पोटात कायतरी बसलंय," सासूनं निकाल दिला. "भगत आना. बेंबीभोवती डाग द्या."

सोमवारी सकाळी भगत आला, दारात आळी जमली. चुलीत विळा लाल झाला. दिपेशनं हात धरले, सासूनं पाय. पदर बाजूला झाला तशी तानीनं नवऱ्याच्या मनगटाचा लचका तोडला नि सुटल्या हातानं विळ्याचं पातंच धरलं. तळवा चरचरला. तरी सोडलं नाही; हिसकून भगताच्या धोतराला लावलं. भुतं पळवणारा भगत पेटलं धोतर टाकून पळाला! आळी हसून लोळली. सोडवायला मात्र कुणी पुढं आलं नव्हतं.

तानी तशीच बेटेगावला बहिणीकडे गेली. मंगळवारी तिला पाहून उन्नतीताई ओरडल्या, "अगं, हाताला काय झालं?"

"हात ऱ्हाऊ द्या, मॅडम. पोट बघा. कोरं हाय."

उन्नतीताईंनी पोट पाहिलं, हाताला मलमपट्टी केली, पोलिसांना फोन लावला. मग तिला ऑपरेशनला आत घेतलं.