दुपारपुरते गेलेले पाय

जांघेत गाठ आली ती बाबांना उचलून उचलून, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मी शिकवतो त्या शाळेत कोणी विचारलं तर बाकं हलवताना झालं म्हणायचो. बाबांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी मला हात लावू दिला नसता, आणि त्यांना उचलणारं दुसरं कोणी नव्हतं.

लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. पलंगावरून खुर्चीवर, खुर्चीवरून संडासात, परत पलंगावर. शाळा घराला लागूनच, म्हणून मधल्या सुट्टीतही येऊन जायचो. मी समोर पाय रोवून वाकायचो, ते डावा हात माझ्या मानेत घालायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं, घे." शेतात तुरीचं पोतं पाठीवर देताना म्हणायचे तेच. एरवी जीभ अडखळायची, पण हे दोन शब्द स्वच्छ यायचे.

एक पगारी माणूस ठेवून पाहिला, तर बाबांनी त्याच्या दंडाला चावा घेतला. माझी अकोल्याची बहीण आली की ते सकाळपासून पाणीच प्यायचे नाहीत, तिच्यादेखत उठायला लागू नये म्हणून. बायकोचा तर प्रश्नच नव्हता. आमच्या घरात सून सासऱ्याला हात लावत नाही, त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. ताट ठेवते आणि बाजूला होते. तिने एकदाच विचारलं होतं, "मामाजी, मी धरू का?" बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. नंतर तिनेही विषय काढला नाही.

गाठ दुखायला लागली तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरांनी हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं. मला दमा, त्यामुळे पूर्ण झोपवण्यापेक्षा कमरेतून भूल देणं बरं, असं ठरलं. भूल देणाऱ्या बाई माझ्याहून वयाने लहान, पण बोलायला फटकळ.

"आमचं नेहमीचं औषध पाय तीन-चार तास धरून ठेवतं," त्या म्हणाल्या. "कधी लघवीही अडवतं. मग रात्र इथंच. दुसरं एक आहे, ते लवकर उतरतं. तुम्ही संध्याकाळी घरी. पण सर, आत काम लांबलं तर ते आधीच उतरेल आणि तुम्हाला झोपवावं लागेल. दमा आहे, म्हणून आधी सांगून ठेवते."

"लवकर उतरणारंच द्या."

"एवढी कसली घाई आहे?"

थापा मारायच्या बेतात होतो, पण त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग सगळं सांगितलं. सकाळी बाबांना उठवून, खुर्चीत बसवून निघेन, आणि दिवेलागणीच्या आत परत आलो नाही तर ते खुर्चीतच अडकून राहतील.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पाय मी तुम्हाला दुपारी परत देईन. पण वजन दीड-दोन महिने उचलायचं नाही. त्या दिवशी तर मुळीच नाही. आत बसवलेली जाळी सुटली तर पुन्हा इथंच याल."

मी हो म्हणालो. मनात मात्र म्हणालो, पाहू. लवकर उतरणारं औषध निवडलं ते त्याच संध्याकाळी बाबांना उचलता यावं म्हणून, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

ऑपरेशनच्या दिवशी माझा नंबर सकाळी पहिला होता. तेवढ्यात एक अडलेली बाळंतीण आली आणि मला बाहेर ठेवलं. तिच्यावर रागावता येईना, म्हणून भिंतीवरच्या घड्याळावर रागावत बसलो. दुपार उलटल्यावर माझ्या पाठीत सुई गेली.

पाय आधी गरम झाले, मग जड, मग नाहीसेच. हाताला मांडी कळत होती, मांडीला हात कळत नव्हता. पडद्यापलीकडे डॉक्टर काम करत होते आणि बाई मधूनमधून विचारत होत्या, "दुखतं का?" औषध पुरलं. झोपवायची वेळ आली नाही.

काम झाल्यावर दोघांनी मला उचलून स्ट्रेचरवर ठेवलं. जपून ठेवलं, काही दुखलं नाही. तरी माझे डोळे आपोआप मिटले. दुसऱ्याच्या हातात आपलं सगळं अंग, आणि खाली लोंबणारे आपलेच पाय. फार लाज वाटली. बाबा रोज डोळे मिटतात ते कुठं तरी दुखतं म्हणून, असं मी इतकी वर्षं समजत होतो. तिथं पडल्यापडल्या मला रडू आलं. नर्सला वाटलं भूल उतरते आहे.

घरी फोन लावला. "बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. तुमी सावकाश या," बायको म्हणाली आणि फोन ठेवला.

बाईंनी शब्द पाळला. पाय आले, लघवी झाली, चालून दाखवलं, तेव्हा त्यांनी सोडलं. पण सकाळ वाया गेली होती. वलगावला, आमच्या गावी, गाडीतून उतरलो तेव्हा अंधार पडला होता. खुर्चीत बाबांचे काय हाल असतील याचाच विचार करत घर गाठलं.

बाबा पलंगावर होते. अंगात धुतलेला सदरा, धोतर स्वच्छ. बायको भाजी चिरत होती. तिचं डोकं उघडं होतं, पदर कमरेला खोचलेला.

"कोणी उचललं?" मी विचारलं.

"मीनं."

"ते हो म्हणाले?"

"इचारलंच नाई. इचारलं असतं तर नाई म्हटलं असतं त्यायनं. दुपारपासून दाराकडे पाहून राहिले होते, मले पाह्यवलं नाई."

कमरेखाली भूल देणार, एवढं मी त्यांना सांगून गेलो होतो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुये... पाय आले काय?"

"आले बाबा."

जेवायची वेळ झाली. त्यांना खुर्चीवर घ्यायचं होतं. डॉक्टरीण बाई गेल्या खड्ड्यात, असं म्हणत मी पलंगाकडे गेलो आणि वाकलो. बाबांचा डावा हात वर आला, पण माझ्याकडे नाही. बायकोने विळी बाजूला सारली, हात पुसले, त्यांच्यासमोर पाय रोवले. हात तिच्या मानेत गेला. बाबांचे डोळे उघडे होते.

"हं, घे माय," बाबा म्हणाले.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच वाईट वाटलं. मग मी खुर्ची हलू नये म्हणून मागून धरून ठेवली.