डाव्या सीटवरचे थूल मास्तर

थूल मास्तर कुठेही बसले तरी त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत असे. खाली गाडी असो वा नसो. न्हाव्याच्या खुर्चीत वस्तरा गळ्याजवळ आला की पाय दाबला जाई. लग्नात वाढपी जिलबीची परात घेऊन जोरात आला की पंगतीत मांडी घालून बसलेले मास्तर गुडघ्याने पुढचं ताट ढकलून देत. एकदा मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून स्टेशनला सोडलं, तर वाटेत चार वेळा त्यांनी पायाखालच्या पत्र्यावर इतका जोर दिला की तो वाकला. उतरल्यावर वर मलाच म्हणाले, "तुह्या गाडीचा ब्रेक लय कडक हाय बे."

मास्तर आता नाहीत. पण वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत अजूनही कोणी गाडी फार जपून चालवताना दिसला की लोक म्हणतात, हा थूल मास्तरांकडे शिकलेला. त्यांची मोटार ड्रायव्हिंगची शाळा माझ्या सायबर कॅफेच्या अगदी समोर होती. शाळा म्हणजे एक टेबल, रस्त्यावरच्या खुणांचा एक मळका तक्ता आणि दोन ब्रेकची पांढरी मारुती. शिकणारा उजवीकडे, मास्तर डावीकडे, आणि त्यांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा ब्रेक. पोलीस, तलाठी, नर्सबाई, कारंजा घाडगेच्या हायवेवरचे दोन ढाबेवाले, सगळे त्यांनी घडवलेले. "हॉर्न म्हंजे माफी," ते शिकवत, "पयलेच मागून घ्याची." आणि कोणी मागून घाई केली की, "जाऊ दे त्याले. पुढच्या फाटकावर भेटतेच तो."

दोन हजार तीन-चारची गोष्ट असेल. मी नागपूरहून गाडीच्या शर्यतीचा एक गेम आणला आणि त्याच्यासोबत टेबलाला कसायचं खरं स्टिअरिंग आणि खाली ठेवायचे तीन पेडल. पोट्टे वेडे झाले होते. कारण हा गेम पूर्वीच्या गेमसारखा लुटुपुटूचा नव्हता. टायर झिजत, पेट्रोल संपत असे, वळणावर जास्त वेग झाला की गाडी मागून घसरे, आणि ठोकली तर बोनेट वाकून गाडी एका बाजूला ओढत राही. मी तर चार दिवस सरळ रस्त्याबाहेरच्या गवतातच होतो, मला काही ते जमलं नाही.

एका दुपारी, भारनियमन संपून नुकतीच लाइट आली होती आणि कॅफेत फक्त एक मुलगा डी.एड.चा फॉर्म भरत बसला होता, तेव्हा मास्तर आले. काचेचं दार स्वतःच लावलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मले गाडी चालवाची हाय."

"मंग चालवा नं मास्तर. तुमचीच तर उभी आहे समोर."

"ते नाई. हे," ते स्टिअरिंगकडे बोट दाखवून म्हणाले. "मले येत नाई. म्हंजे येत होती. अठरा वर्षं झाले, हात नाई लावला."

मी फिसकन हसलो. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू गिळलं. खरंच की! मी त्यांना कधी उजवीकडे बसलेलं पाहिलंच नव्हतं. सकाळी गाडी घरून शाळेत आणायची तर कोणी तरी विद्यार्थी आणे, संध्याकाळी न्यायची तर दुसरा नेई. आम्हाला वाटायचं, मास्तर शिकवण्याची एकही संधी सोडत नाहीत. त्यातली मेख आत्ता कळत होती.

प्रकरण असं होतं. शाळेच्या परवान्याचं नूतनीकरण आलं होतं, आणि परिवहन कार्यालयात आलेल्या नव्या साहेबांनी सांगितलं होतं की शिकवणाऱ्याने आधी स्वतः चालवून दाखवावं. महिनाभराने परीक्षा. "नाई जमलं तं शाळा बंद," मास्तर म्हणाले. "अन् रस्त्यावर शिकाले गेलो तं सारं गाव पाह्यते. मास्तरच शिकून राह्यला म्हंतीन. मंग कोण पाठवीन पोट्टे माह्याकडे?"

मी गेम लावला. मास्तर खुर्चीत बसले, पण चालू करायच्या आधी त्यांनी पडद्यावरच्या गाडीला चारही बाजूंनी फिरवून दाखवायला लावलं. टायर पाहिले. मग विचारलं, "कागदं कोणाच्या नावावर हाय?" मी म्हटलं, कंपनीच्या. ते म्हणाले, "बरं." शर्यतीत आठ गाड्या उभ्या होत्या. हिरवा दिवा लागताच सात गाड्या बाण सुटल्यासारख्या गेल्या. मास्तरांनी आरशात पाहिलं, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, उजवा हात बाहेर काढून इशारा केला आणि तो हात डी.एड.च्या फॉर्मवाल्या मुलाच्या कानशिलात बसला. पोरगं 'माय वं!' म्हणत उठलंच. मास्तरांनी शर्यत तिथेच थांबवून त्याची माफी मागितली. "इशारा होता बाप्पा, मारलं नाई तुले."

त्यांचे पहिले शेरे मी विसरलो नाही. "हॉर्न कुठाय? बिना हॉर्नची गाडी मी रस्त्यावर काढत नाई." दुसऱ्या दिवशी ते घरून सायकलचा रबरी भोंगा घेऊन आले आणि तो डाव्या हाताने पों पों वाजवू लागले. "समोरून कोणीच येत नाई बे. सारे एकाच बाजूले पळून राह्यले. काई आग लागली काय मागं?" आणि पहिली फेरी पुरी करून सुरुवातीची पांढरी रेघ पुन्हा समोर आली तेव्हा तर ते खरोखर दुखावले. "अबे, हे तं तिथंच आलो आपण! मंग गेलो कायले होतो?"

तीन फेऱ्यांची शर्यत असते, पहिला येईल तो जिंकतो, हे मी त्यांना समजावलं. ते ऐकून घेत आणि पुन्हा ताशी चाळीसने कडेने चालवत. मागून कोणी आलं की थांबून बाजू देत. दर फेरीला इंजिन थंड करायला पंचरवाल्यांच्या गल्लीत, म्हणजे जिथे शर्यतीतले टायर बदलतात तिथे, दोन मिनिटं उभे राहत. इतरांच्या शर्यती संपून मानकऱ्यांना हार घालून झाले तरी आमची गाडी दुसऱ्या फेरीत भोंगा वाजवत असे. पण आठ दिवसांत वळणं बसू लागली. पाय एकमेकांत अडकेनासे झाले. मला वाटलं, आता होतंय.

नवव्या दिवशी एका वळणावर मास्तरांची गाडी एका निळ्या गाडीला घासली. निळी गाडी गोल फिरून गवतात गेली. मास्तरांनी करकचून ब्रेक मारला, गाडी जागेवर वळवली आणि उलट्या दिशेने निघाले. पडद्यावर मोठ्या लाल अक्षरांत सूचना लुकलुकू लागली की तुम्ही चुकीच्या दिशेने जात आहात. समोरून सहा गाड्या दोनशेच्या वेगाने अंगावर येत होत्या. मी ओरडलो, "मास्तर, फिरवा! काय करून राह्यले?"

"त्याले लागलं का पाहू दे!" मास्तर भोंगा दाबत ओरडले. "ठोकून पळाचं नसते!"

त्या सहाही गाड्या एकामागून एक आमच्यावर आदळल्या. बोनेट गेलं, चाकं गेली, शेवटी पडदा काळा झाला आणि आमची गाडी बाद ठरली. मास्तरांच्या कपाळावर घाम होता. "वा रे वा! जो पळून गेला तो पयला, अन् जो पाहाले थांबला त्यालेच बाद? कोणी बनवला हा गेम? त्याचा पत्ता दे मले." मी पुन्हा सुरू करायचं बटण दाबायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. आणि मग त्यांनी ते सांगितलं.

शाळेच्या आधी मास्तर वर्धा-आर्वी रस्त्यावर प्रवासी जीप चालवत. एकदा रिकाम्या जीपमध्ये बायकोला, म्हणजे सुशीलाकाकूंना, शेजारी बसवून तिच्या माहेरी, आर्वीला, चालले होते. आंजीच्या अलीकडे ती काहीतरी बोलली, ते उत्तर द्यायला वळले, आणि जीप पुलाचा कठडा तोडून नाल्यात. मास्तरांना खरचटलंही नाही. काकूंचा डावा हात खांद्यातून असा मोडला की तो पुन्हा कधी कानाच्या वर गेला नाही. "तिची वेणी मी घालून देतो," मास्तर खाली पाहत म्हणाले. "अठरा वर्षं झाले. तव्हापासून सुकाणू धरलं नाई. अन् दुसरं काई येत नव्हतं, म्हून शाळा काढली. बाजूले बसाची." मी चहा सांगितला. रोज त्यांच्या भोंग्याची मी टिंगल करत होतो, त्याची मला तेव्हा फार लाज वाटली.

त्यानंतर तीन दिवस ते आले नाहीत. चौथ्या दिवशी आले, गेम लावला, आणि दहा मिनिटांत दार ढकलून सुशीलाकाकू आत शिरल्या. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की मास्तर दुपारी दार लावून पोट्ट्यांच्या कॅफेत नको ते पाहतात. काकू बुटक्या, आवाज मात्र आठ कॉम्प्युटरच्या पलीकडे जाणारा. "कुठं हाय ते? या वयात लाज नाई वाटत?" मग त्यांना स्टिअरिंग दिसलं. त्यावर मास्तरांचे हात दिसले.

"कव्हापासून?" आवाज एकदम उतरला होता.

"पंधरा दिवस," मास्तर म्हणाले.

"अन् मले काऊन नाई सांगितलं?"

"तू बाजूले बसते म्हटली असती."

"मंग? बसतेच!" म्हणत काकूंनी प्लास्टिकचं स्टूल ओढलं आणि त्यांच्या डाव्या बाजूला ठाण मांडून बसल्या. "चालवा."

काय सांगू, मास्तरांनी त्या दिवशी जे चालवलं ते चालवलं! कुठे घासलं नाही, कुठे थांबले नाहीत. काकू पदर खोचून पडद्याकडे पाहत होत्या आणि दर वळणाला "सावकाश" म्हणत होत्या. तीन फेऱ्या पुऱ्या झाल्या. अर्थात आठवे आले. काकू म्हणाल्या, "हे सारे पुढं गेले. तुमी मागं काऊन?" मास्तर म्हणाले, "माह्याच्यानं एवढंच होते." काकू म्हणाल्या, "बरं हाय. पोचले नं." आणि मला विचारलं, चहा मिळतो का इथे.

परीक्षेला मारुती एका विद्यार्थ्याने पुढे नेली, आणि मास्तरांना मी स्कूटरवर नेलं. मोकळं मैदान, चुन्याने आखलेला रस्ता, कडेला उमेदवारांची रांग. नवे साहेब तरुण होते, हातात फाइल घेऊन मारुतीत डावीकडे बसले. मास्तर उजवीकडे बसताच रांगेतल्या त्यांच्याच दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांना कोपर मारलं. मास्तरांनी आरसा नीट केला, इशारा दिला, गाडी काढली. आठचा आकडा सुबक काढला. चढावर गाडी मागे सरकू दिली नाही. एक म्हैस आडवी आली, तिला बाजू दिली. मैदानाची फेरी पुरी करून पांढऱ्या रेघेशी आले तसे साहेब म्हणाले, "ठीक आहे, थांबवा."

मास्तर थांबले नाहीत. "अजून दोन राह्यल्या साहेब," असं म्हणून ते रेघ ओलांडून पुढे गेले.

मी कपाळाला हात लावला. पंधरा दिवस तीन फेऱ्या, तीन फेऱ्या म्हणून मीच घोकून घेतलं होतं ना! साहेब खिडकीतून "अहो, झालं! झालं!" ओरडताहेत, मास्तर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून निवांत चालले आहेत, आणि ती म्हैसही आता कुतूहलाने गाडीमागे चालायला लागली आहे. तिसऱ्या फेरीला तर रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब उतरले तेव्हा त्यांचा चेहरा लाल होता. मला वाटलं, गेली शाळा. पण त्यांनी फाइलवर सही केली आणि म्हणाले, "तीन फेऱ्यांत एकही चूक नाही. फक्त सांगितल्यावर थांबत जा, मास्तर."

शाळा वाचली. पेढे वाटून झाले. मास्तर मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडे जाऊन बसले, जणू काही झालंच नाही. मी समजलो, संपलं. पण त्या रविवारी सकाळी काकू पिशवी घेऊन मारुतीजवळ येऊन उभ्या राहिल्या. मास्तर त्यांच्या मागे, किल्ली हातात घेऊन. "आर्वीले जाऊन राह्यलो," काकू मला म्हणाल्या. "तू मागं बस. यांचं काई झालं तं कोणी पाह्यजे." मी दुकान बंद केलं.

आंजीपर्यंत मास्तरांनी गाडी चाळीसच्या वर जाऊ दिली नाही. नाल्याच्या पुलावर आल्यावर गाडी आधी हळू झाली, मग मधोमध थांबली. त्यांचे डोळे कठड्यापलीकडे खाली लागले होते. मागे एक ट्रक येऊन उभा राहिला आणि हॉर्न वाजवू लागला.

"इथंच," मास्तर म्हणाले.

"इथंच काय?" काकू म्हणाल्या. "खाली कायले पाहून राह्यले? तिथं कोणी नाई. मी इथं हाय, तुमच्या बाजूले. टाका गिअर."

मास्तरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं आणि गिअर टाकला. पूल मागे पडला. काकू माहेरच्या कोणाकोणाला काय काय द्यायचं ते सांगत होत्या, मास्तर समोर पाहूनच हुंकार देत होते. हळूहळू काकूंचा आवाज बारीक झाला, मग थांबला. मी पुढे वाकून विचारणार होतो की आर्वी अजून किती लांब आहे.

"हळू बोल," मास्तर रस्त्यावरची नजर न काढता कुजबुजले. "झोपली ते."