जिन्यावरून उतरलेली मुलगी

"आमच्या पोट्ट्याचं जमून राहिलं त्या पोट्टीशी. तुमच्या जिन्यावरून उतरताना पाहिली मी तिले. काहून येते ते तुमच्याकडे?"

रायपूरला पंडरीच्या कापडबाजारात मी चादरी बघत बसले होते आणि विमलकाकूंनी माझा हात धरला. काकू आमच्या महिला मंडळातल्या. नवऱ्या मुलाची आई नव्हे, काकू. म्हणजे चौकशीचं खातं त्यांच्याकडे.

मी समुपदेशक. लोकांचं ऐकून घ्यायचं आणि त्यांना अडचणीतून वाट काढायला मदत करायची, हे माझं काम. राज्य नवं, राजधानी नवी, पण आमच्या क्लिनिकला लोक 'पागलों का दवाखाना'च म्हणत. शंकर नगरात पहिल्या मजल्यावर आम्ही, खाली दातांचे डॉक्टर.

आमचा पहिला नियम म्हणजे कॉन्फिडेन्शिअ‍ॅलिटी. पेशंट काय बोलला ते तर सांगायचं नाहीच, तो येतो की नाही हेही सांगायचं नाही.

"काकू, कोण येतं, कोण नाही, हे मी कोणाबद्दलच सांगत नाही."

"म्हणजे येते."

"उद्या तुमच्याबद्दल कोणी विचारलं, तरी हेच सांगेन."

"माझ्याबद्दल काहून विचारतीन? मी काय पागल आहो?"

दुकानदार हसला. मी चादर न घेताच उठले.

आपल्याकडे लग्नाच्या चौकशीत वाईट बोललेलं एक वेळ चालतं. लोक म्हणतात, जळत असेल. पण काही न सांगणारा माणूस नक्कीच काहीतरी झाकतोय, असं धरतात. आणि रायपूरची मराठी घरं ती किती! संध्याकाळपर्यंत माझं गप्प बसणं सगळीकडे पोचणार होतं.

मुलीला इथे पल्लवी म्हणू. वडील अचानक गेल्यापासून तिला पॅनिक अटॅक यायचे. म्हणजे काही कारण नसताना छातीत धडधड, घाम, आता आपण मरतोच अशी भीती. झोप उडाली होती. ती सुधारत होती, पण काम अर्ध्यावर होतं. आणि हे लग्न तिला मनापासून हवं होतं.

आमच्या मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "आपने ठीक किया."

"मग मला ठीक का वाटत नाही?"

"ठीक करने से ठीक लगता है, ये आपसे किसने कहा?"

पुढच्या भेटीला पल्लवी आली ती रागातच. ती माझ्याशी नेहमी हिंदीतच बोलायची.

"मैडम, काकी को बोल दो ना, कि मैं आती ही नहीं."

"तू परवानगी दिलीस तर जे खरं आहे ते सांगते. बाबा गेल्यावर त्रास झाला, आता बरी होते आहेस. पण येतच नाही, असं नाही सांगणार."

"एक झूठ में आपका क्या जाता है?"

"आज तुझ्यासाठी खोटं बोलले, तर उद्या तुझ्याशी खरं बोलतेय हे तू कशावरून मानशील?"

"मले उद्याचं नका सांगू!" ती पहिल्यांदा मराठीत ओरडली. "माझं लग्न मोडून राहिलं."

पर्स उचलून ती निघून गेली. परत आली नाही.

फोन करावा तर तिच्या घरी. मुलाकडचे बसलेले असले आणि त्यांनीच उचलला तर? दोनदा नंबर फिरवून मी रिसीव्हर ठेवून दिला. उपचार असे मध्येच सुटले की अटॅक पुन्हा उसळू शकतात. स्वयंपाक करताना, मंडळाच्या भजनात, मला तेच दिसत राहायचं. जिन्यावर पाऊल वाजलं की वाटायचं, तीच.

मग काकू लग्नाची पत्रिका घेऊन घरी आल्या. मुलगी तीच होती.

रिसेप्शनला काकूंनी मला हात धरून स्टेजवर नेलं. "ही आमची सून. दाताचं दुखणं होतं हो तिले, खालच्या डॉक्टरकडे येत होती, गर्दी असली की जिन्यात वर जाऊन बसे. अन् मी काय काय समजून राहिले!" मग सुनेला म्हणाल्या, "ओळखते का यायले?"

बाहेर पेशंटने ओळख दाखवली नाही, तर आपणही दाखवायची नाही, हाही आमचा नियम. मी आहेराचं पाकीट पुढे केलं.

"नहीं, पहली बार मिल रही हूँ," पल्लवी म्हणाली आणि पाया पडायला वाकली. हात धरून उठवलं, तर तिचे तळवे घामाने ओलेचिंब होते. झोप लागते का गं, एवढंच मला विचारायचं होतं. "सुखी राहा," म्हणाले आणि खाली उतरले.

आता मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते. कोणी विचारलं तर मी गप्प बसेन, आणि आपल्या लोकांत गप्प बसण्याचा काय अर्थ लावतात, तेही. काही जण हे ऐकून तिथूनच उठून जातात. जाऊ देते. अर्ध्यावर सोडून जाण्यापेक्षा ते परवडलं.