हवालदार सिस्टर आणि पाच कादंबऱ्या

वॉर्डात तिला सगळे हवालदार म्हणायचे. पाठीमागे हं! तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तोंडावर ती 'सिस्टर'. वीसेक वर्षं तिने त्या हॉस्पिटलात काढली होती. तिच्या हातची चादर खाटेवर अशी ताणून बसायची की पेशंटला कूस बदलायची चोरी. सलाइन संपायच्या आत ती हजर, आणि खोलीत शिरताना दारात थांबून कधी कुणाला विचारलं असेल तर शपथ. दार ढकलायचं, पडदा सर्रकन ओढायचा आणि "काय, लागली का झोप?" असं म्हणत झोपलेल्या माणसाला उठवायचं. विचारत बसलं तर आतला माणूस दगावतो, हे तिचं शास्त्र. आतून कडी लावलेल्या बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलेली माणसं तिने दार तोडून बाहेर काढली होती. बंद दार दिसलं की तिचा हात आधी पुढे जायचा.

घरीही तोच खाक्या. मुलगी चालायला लागली तेव्हा तिने स्वतः स्क्रू काढून मुलीच्या खोलीची कडी उतरवली होती. मुलगी पंधरा वर्षांची झाली तरी ती कडी काही परत बसली नाही. नवरा एकदा म्हणाला, "अगं, आता लावून टाकू या का?" त्यावर तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो बिचारा बसडेपोत इंजिनं खोलणारा माणूस. घरातल्या इंजिनात हात घालायचा नाही हे लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात शिकला होता.

तर अशा बाईच्या हातात कादंबऱ्या आल्या कशा? हॉस्पिटलने मोठ्या मुलांसाठी, म्हणजे ना धड लहान ना धड मोठी अशा वयाच्या पोरांसाठी, वेगळा वॉर्ड काढायचं ठरवलं. त्याचं इन्चार्ज व्हायचं तर समुपदेशनाचा कोर्स करायला हवा होता. "कोर्स तर कोर्स," म्हणत ती आपल्या मुलीपेक्षा जेमतेम मोठ्या पोरींच्या शेजारी बाकावर जाऊन बसली. सगळे पेपर घडाघडा पाठ केले. शेवटच्या पेपरात मात्र माशी शिंकली. किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेल्या पाच कादंबऱ्या वाचायच्या आणि प्रत्येकीवर मनोगत लिहायचं. गोष्ट सांगायची नाही, गुणदोष काढायचे नाहीत. वाचताना आपल्याला काय वाटलं, तेवढंच लिहायचं.

"मला काय वाटायचंय? झोप आली मला," ती नवऱ्याला म्हणाली.

पण हवालदार काम अर्धवट टाकणारी नव्हती. जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता, उभ्या उभ्याच तिने पहिली कादंबरी संपवली. एक मुलगी सायकलवर बसून समुद्र शोधायला निघते, अशी ती गोष्ट. मनोगत लिहायला बसली आणि हाताला जे वळण होतं तेच कागदावर उतरलं: 'मुलगी, वय चौदा. तीन दिवस नीट आहार नाही. रात्रभर पावसात भिजली, तरीही खोकला किंवा ताप नाही, हे आश्चर्य. आई फोन उचलत नाही. पोलिसांत कुणीही कळवलेले नाही.'

शिकवणाऱ्या मॅडम वयाने तिच्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान. चष्मा कायम डोक्यावर आणि आवाज कापसासारखा. त्यांनी कागद वाचला आणि हसू दाबत म्हणाल्या, "ताई, हा केसपेपर झाला."

"मग त्यात खोटं काय लिहिलंय?"

"खोटं काहीच नाही. पण यात तुम्ही कुठे आहात?"

"मी कशाला असेन? मी ड्यूटीवर होते."

वर्गातल्या पोरी फिदीफिदी हसल्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसरी कादंबरी कबुतरं पाळणाऱ्या मुलाची, तिसरी दोन जुळ्या बहिणींची. दुसरीत आई पहिल्याच पानावर वारलेली. तिसरीतली दिवसभर आरशासमोर बसून सुस्कारे टाकणारी. पोरं घरातून पळतात, उपाशी राहतात, नदीत पडतात, आणि शेवटी शहाणी होऊन परत येतात. कशी येतात ते कुणी सांगत नाही. गादीखाली पुस्तक कोंबत ती म्हणाली, "या लिहिणाऱ्यांचं आयांनी काय घोडं मारलंय कोण जाणे! एकीला मारलं, एकीला बावळट केलं. म्हणे पोरांची पुस्तकं! यातल्या एका तरी पोराचा मोजा कुणी धुतलाय का बघा." नवऱ्याने पेपरात डोकं आणखी खोल घातलं.

आणि याच आठवड्यात मुलीने जेवताना बॉम्ब टाकला. "आई, मला पुढची दोन वर्षं मावशीकडे राहायचंय. तिथल्या शाळेत जायचंय."

मावशी म्हणजे हवालदाराची धाकटी बहीण. दुसऱ्या गावी पोस्टात नोकरीला, एकटी राहणारी.

"का? इथली शाळा काय उकिरड्यावर आहे?"

"तिथली चांगली आहे."

"आणि मावशीने हे कधी ठरवलं?"

"मीच विचारलं तिला. ती म्हणाली, आई हो म्हणाली तरच. रविवारपर्यंत सांगायचंय."

मुलीने ताट उचललं आणि खोलीत निघून गेली. सिस्टरने तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. "फूस तू लावलीस ना?"

"ताई, देवाशप्पथ नाही," बहीण म्हणाली. "मला फोन आला तेव्हा मीच चाट पडले. तू नाही म्हण, विषय संपला. पण आधी तिला विचार तरी, का जायचंय म्हणून."

विचारलं की! किती वेळा विचारलं. सकाळी पांघरूण ओढताना विचारलं, अभ्यासाला बसलेली असताना मानेमागे उभी राहून विचारलं. पालथ्या घड्यावर पाणी. मुलगी 'शाळा चांगली आहे' यापलीकडे एक अक्षर बोलायला तयार नव्हती. एकुलती एक पोर, तीही घर सोडून चालली, आणि का ते आईला सांगत नाही. वॉर्डात कुणाला काय दुखतंय हे तोंड बघून ओळखणारी ही बाई घरात आंधळी झाली होती, आणि त्याचा तिला असा राग आला होता की त्या आठवड्यात तिने दोन शिकाऊ नर्सना विनाकारण रडवलं.

मग तिला वाटलं, ही पुस्तकं पोरींच्या मनातलं सांगतात म्हणे, तर बघू तरी काय सांगतात. चौथी कादंबरी तिने रोगाचं निदान शोधावं तशी वाचली. त्यात एक बस कंडक्टर आई होती. मुलगी तिच्याशी बोलत नाही. आई रोज संध्याकाळी कामावरून येते, मुलीच्या दारावर टकटक करते, थोडा वेळ उभी राहते, दार उघडत नाही, मग निघून जाते. अर्ध्या पुस्तकात हेच. वाचता वाचता सिस्टरचा पारा चढत गेला. अगं बये, ढकल की दार! हात मोडलाय का तुझा? मनोगतात तिने लिहिलं: 'आई निष्काळजी. मुलगी आत काय करते, जेवली की नाही, याची तपासणी नाही. दार उघडण्याचा प्रयत्नही नाही.'

मॅडमनी तोही कागद परत केला. "ताई, ती आई आत का जात नसेल?"

"घाबरट आहे म्हणून."

"एकदा पंधरा वर्षांची होऊन वाचा ना. पंधराव्या वर्षी तुम्हाला काय हवं होतं?"

"पंधराव्या वर्षी मी अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची चादर बदलत होते, मॅडम. एका खोलीत चार माणसं. काय हवं होतं ते विचारायला कुणाला फुरसत नव्हती, आणि मलाही नव्हती."

आपण हे सगळ्यांसमोर का बोललो, याचा तिला इतका संताप आला की तिने दप्तर उचललं आणि घर गाठलं. आल्या आल्या गादीखाली पाहिलं, तर ती चौथी कादंबरी गायब. कुठे गेली हे काय सांगायला हवं? तिने मुलीच्या खोलीचं दार ढकललं.

मुलगी खाटेला टेकून जमिनीवर बसली होती. मांडीवर पुस्तक, नाक लाल, डोळे सुजलेले. सिस्टरने पहिलं काय केलं असेल? कपाळाला हात लावला.

"ताप आहे का? घसा दाखव."

"आई, बाहेर जा ना!"

"रडतेस कशाला? काय झालं? पोट दुखतंय?"

"पुस्तक वाचून रडतेय! रडू पण नको का?"

"या पुस्तकात रडण्यासारखं आहे काय? ती आई नुसती खांबासारखी उभी राहते."

"हो, उभी राहते." मुलीचा आवाज फाटला. "दार वाजवते आणि उभी राहते. तिला आत जाता येत नाही असं वाटतं का तुला? ती जात नाही!"

"दार वाजवत बसले असते तर माझे निम्मे पेशंट मेले असते."

"मी पेशंट नाहीये!"

हे इतक्या मोठ्याने आलं की बाहेर नवऱ्याच्या हातातला पेपर खाली पडला. मुलगी आता थांबेना. "मी कपडे बदलत असले तरी तू येतेस. मैत्रिणीशी बोलत असले तरी येतेस. रात्री झोपेत डोळ्यांवर टॉर्च मारतेस, श्वास बघायला. मावशी मला फार आवडते म्हणून नाही चालले मी तिकडे. ती सकाळी जाते आणि संध्याकाळी येते. दिवसभर घरात कुणी नसतं. मला तेवढंच हवंय."

सिस्टर उठून स्वयंपाकघरात गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. तिला भयंकर राग आला होता. मुलीचा, कंडक्टर बाईचा, ती बाई ज्याने लिहिली त्याचा. आणि रागाच्या खाली जे होतं ते इतकं दुखत होतं की रागच बरा वाटत होता. दुनियेच्या पोरींचे श्वास मोजले, आणि आपल्या पोरीला श्वास घ्यायला आपण घरात नको आहोत. नवरा दारात येऊन घुटमळला. "चहा टाकू का?" त्याने विचारलं. तिने मान हलवली. हो म्हणाली की नाही, हे त्याला कळलं नाही, पण त्याने टाकला.

रविवारची दुपार. नवरा डेपोत गेला होता. पाचवी कादंबरी तिने अजून उघडलीही नव्हती. मुलीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. सिस्टर त्या दारासमोर येऊन उभी राहिली. लोटलेलं दार, कडी नाही, एका बोटाने उघडलं असतं. हात सवयीने पुढे गेलासुद्धा. तो तिने मागे घेतला, मूठ वळली आणि वाजवलं. किती जोरात वाजवायचं याचा अंदाज नव्हता. पोलिसांनी धाड घालावी तसा आवाज झाला.

"कोण आहे?" आतून घाबरलेला आवाज.

"मी. आणखी कोण असणार?"

"काय झालं?"

काय झालं? काहीच झालं नव्हतं. गोळी द्यायची नव्हती, ताप बघायचा नव्हता. "आत येऊ का?" ती म्हणाली. हे तीन शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले होते आणि तिलाच ते कानाला विचित्र वाटले.

आत पुस्तक मिटल्याचा आवाज झाला.

मग मुलगी म्हणाली, "आत्ता नको."

आता बोला! कादंबरीत शेवटी दार उघडतं. मायलेकी गळ्यात गळे घालून रडतात आणि पुस्तक संपतं. शुद्ध फसवणूक! विचारायचं तर विचारलं, मान झुकवून विचारलं, आणि वर हे. सिस्टरची कानशिलं तापली. ढकलू का? कोण अडवणार आहे? माझं घर, माझी मुलगी. तळहात लाकडावर टेकलासुद्धा. तो तसाच राहिला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. आज हा हात थांबलाय. उद्या थांबेल? परवा? स्वतःला ती पुरती ओळखून होती. चार दिवस नीट वागेल, पाचव्या दिवशी पोर जेवली नाही की हा हात तिचं ऐकणार नाही.

"बरं," ती दाराला म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने बहिणीला फोन लावला.

"येतेय ती तुझ्याकडे. शाळेत सांगून टाक."

"खरंच?" बहिणीचा विश्वास बसेना. "ताई, तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? ऐक, लिहून घे. सकाळी उठल्याबरोबर काही खात नाही, मागे लागू नकोस. पायाला थंडी वाजते तिच्या, मोजे लागतात. परीक्षेच्या आधी पोट बिघडतं, घाबरू नकोस." फोन तिने दुसऱ्या कानाला लावला. "आणि तिच्या खोलीत जाताना दार वाजव."

बहीण हसली. "अगं, मावशी आहे मी तिची! दार काय वाजवायचं?"

"वाजव म्हणते ना! आणि नको म्हणाली तर आत जायचं नाही."

"मग काय करू?"

"बाहेर उभी राहा."

"किती वेळ?"

"मला काय माहीत?" सिस्टर ओरडली, आणि ओरडता ओरडता तिला रडू फुटलं. "मी आज पहिल्यांदाच उभी राहिलेय."