तिचा गोरेपणा

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. भावापाशी नाही, मित्रापाशी नाही — आणि ज्या बाईचा ते ऐकण्याचा पहिला हक्क होता, तिच्यापाशी तर नाहीच. तिच्यासमोर मी बसलो होतो, ती रडत होती, आणि तरी मी गप्प राहिलो. पण थांबा, तिथवर यायला मला थोडा वेळ लागेल.

मी शिरवणे गावचा. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस — बी.एस्सी., रसायनशास्त्र. नावापुढे आजही लिहितो. बापाची भातशेती सरकारनं नव्या शहरासाठी घेतली, मला कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली, आणि ऐंशी साल उलटल्यावर मी वाशीला ब्लॉक घेतला. बिल्डिंगीत निम्म्या घरांना तेव्हा कुलपंच होती. मागे खाजण, खाडीची दलदल. संध्याकाळी इतकं सामसूम व्हायचं, की आपल्याच घरातल्या भांड्याच्या आवाजानं दचकायला व्हायचं.

माझी बायको कमल खाडीकाठच्या दिवाळे गावची. तिची आई पाटी घेऊन मासळी विकायची. ब्लॉकवर आल्या आल्या कमलनं सुके बोंबील भाजले, वास जिनाभर गेला. समोरच्या काकू शाकाहारी. त्या काही बोलल्या नाहीत हो — पदरसुद्धा नाकाला लावला नाही. लाज वाटली ती मला. दुसऱ्या दिवशी जिन्यात मीच सांगून टाकलं, "काकू, आम्ही सोडलंय सगळं."

"अहो, आमच्यासाठी कशाला सोडता? तुमचं घर, तुम्ही खा," त्या म्हणाल्या.

मग कुणासाठी सोडलं मी? आणि सोडलं तरी कुठे — कंपनीच्या कँटीनमध्ये मी खिमा खातच होतो. सोडायला लावलं ते फक्त कमलला.

तिला दिवस गेले. ती गोरी होऊ लागली.

आमच्यात गोरा रंग कुठला? पण ती खरंच उजळत गेली — आधी ओठ, मग नखं, मग तळहात. "मिसेस किती गोऱ्या झाल्या तुमच्या! इथलं पाणी मानवलं," लोक म्हणायचे, आणि मला — कसं सांगू — मला बरं वाटायचं. तिच्या पावलांचा आवाज येईनासा झाला. संध्याकाळी गॅलरीत उभी असली, तर खालून आधी नुसता चेहरा दिसायचा. बाकीची ती मागाहून दिसायची.

त्याच सुमारास तुळशीच्या कुंडीची कड झिजू लागली. मातीची कुंडी, विटकरी रंगाची. रोज थोडी थोडी कमी. मला वाटलं उंदीर. मी सापळा आणला, त्यात बोंबलाचं डोकं अडकवलं. सकाळी पाहतो तर सापळ्याचं दार पडलेलं, आत उंदीर नाही. आणि डोकंही नाही.

पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

एका दुपारी वीज गेली म्हणून कंपनीनं लवकर सोडलं. किल्लीनं दार उघडलं, तर गॅलरीतून आवाज — करकर, करकर, कुणी खडीसाखर फोडत असल्यासारखा. कमल कुंडीपाशी बसली होती. पांढऱ्या चेहऱ्यात तोंड तेवढं लाल. माती खात होती. मला पाहून घाबरली नाही, उलट हसली. दातही लाल.

"उंदरासाठी बोंबील आनलात," ती म्हणाली, "तवा जिन्यात वास नाय आला का वो?"

मी विज्ञान शिकलेला माणूस. रक्त कमी पडलं की माणूस माती खातो, हे मला माहीत नव्हतं का? होतं. दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. तपासून त्यांनी तिला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं — रक्त फार कमी आहे, गोळ्या तिच्या पोटात टिकत नाहीत, आता अन्नावरच भिस्त. पालेभाजीत लोह असतं, पण त्यातलं अंगाला थोडंच लागतं. कलेजीतलं, मासळीतलं चटकन लागतं. शाकाहारी माणसंही धडधाकट असतात, डाळी-भाज्यांवर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा नको — पण इथे दिवस थोडे राहिलेत. "तुमच्यात तर मासळी चालते ना? मग काय, सोपं आहे," ते म्हणाले.

सोपंच होतं. मी बाहेर आलो. कमलनं नुसती मान वर केली.

"पालक खा म्हणाले," मी म्हणालो.

एवढंच. एका वाक्यात झालं. नंतर सुधारता आलं असतं की नाही? जिन्यात काकूंना फक्त इतकं म्हणायचं होतं — आम्ही पुन्हा सुरू केलंय. ते माझ्यानं झालं नाही.

सासूबाई आल्या, डब्यात कालवण घेऊन. मी त्यांना दारातच अडवलं.

"जावयबापू, पोरगी पांढरी फटक परलीय. खाडीची बोईट हाय, ताजी. खाऊ द्या तिला."

"डॉक्टरांनी मासळी बंद केलीय," मी म्हणालो.

"डाक्टर बोलला? मंग नको," म्हणत त्यांनी डबा पदराखाली घेतला. शिकलेल्या जावयाचा शब्द, त्यावर त्या काय बोलणार?

बाळंतपणात कमलचं रक्त थांबलं नाही. मूलही राहिलं नाही. मासळी खाल्ली असती तर ती वाचली असती का? मला माहीत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मी ते पोचवलं नाही, एवढं माहीत आहे.

दिवसकार्य झाल्यावर सासूबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. पदरानं डोळे पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "जावयबापू, मीच मारली माझी पोर. तुमी कामाला गेल्यावं मी येक डाव आलते. डाक्टरनं बंद केलावता, तरी चोरून बोईट भरवली तिला. लय आवडीनं खाल्ली वो. काटासुदा चघळला."

कमलच्या पोटात गेलेलं तेवढंच एक धड जेवण असेल.

मी तेव्हा बोलू शकत होतो. दुसरं कुणी नव्हतं खोलीत. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या — निकाल ऐकायला बसल्यासारख्या.

"झालं ते झालं, आई," मी म्हणालो. "मी मनात धरलेलं नाही."

त्या माझ्या पाया पडल्या. मी पडू दिलं. पुढे जगल्या तोवर त्या दिवाळ्याला मासळी विकत राहिल्या, पण खाल्ली नाही कधी. आणि गावात सगळ्यांना सांगायच्या — माझा जावई देवमाणूस, त्यानं मला माफ केलं.